जागा वाढवा, तिकीट बंद करा

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

“मॅम, ग्रो होईना.”

पलीकडे आमच्या टीममधला परभणीचा मुलगा. वय तेवीस, नोकरीला लागून आठ महिने, आणि त्या रात्री हिंजवडीतल्या ऑफिसात अख्ख्या मजल्यावर तो एकटा. युरोपातल्या एका बँकेचं मेनफ्रेम आम्ही पुण्यात बसून सांभाळतो. तिथे मध्यरात्र उलटली होती, रात्रीची बॅच ऐन भरात होती आणि बाहेरच्या बँकांना पैशांच्या फायली पाठवणारं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा एकच ओळ छापत होतं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. रूट फाइल सिस्टीम शंभर टक्के भरली होती.

रूट भरायला आलं तर काय करायचं, हे आमच्या रनबुकमध्ये लिहिलेलं होतं. ग्रो नावाची कमांड द्या, जागा वाढवा, तिकीट बंद करा. मुलाने कमांड दिली, चालली नाही. आकडा कमी करून दिली, तरी नाही. तिसऱ्यांदा दिली. यात चाळीस मिनिटं गेली आणि मग त्याने मला उठवलं.

पुढे जो अहवाल निघाला, ज्याला आमच्या धंद्यात आरसीए म्हणतात, म्हणजे मूळ कारणाचा शोध, त्यात मूळ कारण म्हणून ही चाळीस मिनिटं लिहिली गेली. ‘ऑपरेटरने वेळेत एस्कलेट केलं नाही.’ शेजारी त्याचा एम्प्लॉयी नंबर. खाली ‘तपासणार’ या रकान्यात माझं नाव.

हा लेख त्या अहवालाविरुद्ध आहे. माझ्याविरुद्धही आहे, कारण रनबुकमधली ती ओळ माझी होती.

*

तुमच्यापैकी बहुतेकांनी मेनफ्रेम पाहिलेलं नसेल. मीही नाही. अकरा वर्षं ज्या मशीनवर काम करतेय ते एका परक्या देशातल्या, मला पत्ताही माहीत नसलेल्या इमारतीत आहे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर केली, तिथपासूनचा हा वंश. आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव झेड-ओएस. ‘म्हाताऱ्यांची मशीन’ म्हणून कॉलेजात तिची थट्टा होते, ती खुशाल करा. त्या वादात मला आज पडायचं नाही.

मला सांगायचंय ते या घराण्याच्या जागेबद्दलच्या स्वभावाबद्दल. तो मुळात कडक आहे. जुन्या पद्धतीने फाइल बनवायची, तिकडच्या भाषेत डेटासेट, तर आधी सांगावं लागतं: मला इतके सिलिंडर द्या, ते संपले तर आणखी इतके इतके द्या. (सिलिंडर गॅसचा नव्हे. डिस्कवरच्या पंधरा ट्रॅकचा एक गठ्ठा. ३३९० जातीच्या डिस्कवर एका ट्रॅकमध्ये ५६,६६४ बाइट. आता तशी तबकडी कुठे फिरतही नाही, स्टोरेजच्या पेटीत निराळंच काहीतरी असतं, पण हिशेब अजून सिलिंडरमध्ये चालतो. आपण नाही का ‘फोन ठेवतो’ म्हणत, तसं.) सोबत ‘आरएलएसई’ ही चार अक्षरं लिहिली, तर काम झाल्यावर उरलेली जागा परत जाते. आणि मागितल्यापेक्षा जास्त लागली तर जॉब आपटतो. त्या आपटण्यालाही नावं आहेत: बी३७, डी३७, ई३७. डी३७ म्हणजे पहिली जागा संपली आणि पुढची तू मागितलीच नव्हतीस.

मेनफ्रेमवर काम केलेल्या प्रत्येकाने या तीन नावांना शिव्या घातल्यात. मी तर पहिल्या वर्षी रडलेसुद्धा होते. पण त्या छळात एक गोष्ट आपोआप साधायची. प्रत्येक सिलिंडरमागे मागणारा कोणीतरी असायचा. जागा भरली की कोणाची भरली, हे शोधावं लागत नसे.

मग १९९०च्या दशकात याच घरात युनिक्स राहायला आलं. आयबीएमने मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतच युनिक्स बसवलं, आणि ते चांगलंच केलं. जावा, वेब सर्व्हर, टीसीपी/आयपीची सगळी मंडळी त्याच्या जिवावर चालतात. पण युनिक्सचा स्वभाव उलटा. तिथे आधी काही मागायचं नसतं. परवानगी आहे आणि जागा आहे, तोवर लिहा. सगळ्या फायलींचं एकच झाड, त्याच्या मुळाशी एक तिरकी रेघ, स्लॅश. तेच रूट. मेनफ्रेमच्या बाजूने पाहिलं तर हे अख्खं रूट म्हणजे एक डेटासेट, सिलिंडर मोजून दिलेला. आतून पाहिलं तर सार्वजनिक जागा.

सोसायटीचा जिना डोळ्यांसमोर आणा. जिना कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. पहिल्या मजल्यावर कुणाची तरी सायकल, दुसऱ्यावर चपलांचं कपाट, तिसऱ्यावर ‘दोन दिवसांत हलवतो’ म्हणून ठेवलेला आणि चार वर्षं तिथेच असलेला कूलर. आता कोणी वर चढू शकत नाही म्हणून कमिटीने ठराव केला, की जिना रुंद करू या.

ग्रो कमांड म्हणजे हा ठराव.

*

मूळ मुद्दा सोपा आहे आणि तो अर्धवट सोडायला मी आता तयार नाही: रूट फाइल सिस्टीम भरते तेव्हा जागा कमी पडलेली नसते. रूट भरायचं काही कारणच नाही. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वतःचे प्रोग्राम असतात, काही डिरेक्टऱ्या आणि दुसऱ्या फाइल सिस्टीम जोडायच्या जागा असतात. नवी आवृत्ती किंवा दुरुस्तीचे पॅच आले, तरच तो आकडा बदलायला हवा, आणि तोही आधी कळवून. रोज बदलणारं जे काही आहे त्याच्यासाठी, म्हणजे स्लॅश टेम्प, स्लॅश व्हार, स्लॅश ईटीसी आणि लोकांच्या होम डिरेक्टऱ्या, वेगवेगळ्या फाइल सिस्टीम ठेवायच्या ही आयबीएमची स्वतःची मांडणी आहे. म्हणजे मंगळवारी रूट ८८ टक्के होतं आणि शुक्रवारी ९१ झालं, तर बातमी ‘जागा संपत आली’ ही नाही. बातमी ही, की जिथे कोणी लिहायला नको तिथे कोणीतरी लिहितंय.

आम्ही काय करत होतो? आकडा ९५ वर गेला की ग्रो. माझ्या हिशेबाने तीन वर्षांत टीममधल्या निरनिराळ्या लोकांनी ती कमांड चौदा वेळा दिली, त्यातल्या पाच वेळा मी. प्रत्येक वेळी तिकीट दहा मिनिटांत बंद. महिन्याच्या तक्त्यात हिरवा चौकोन. एका तिमाहीत तर ‘स्टोरेजची तिकिटं सर्वांत जलद सोडवणारी टीम’ म्हणून आम्हाला शाबासकीची मेल आली होती, आणि आम्ही पिझ्झा मागवला होता.

“डिस्क स्वस्त झालीये, एवढं काय?” हा युक्तिवाद मी सीनियर लोकांकडून ऐकलाय, क्लायंटकडून ऐकलाय आणि लाज वाटते पण स्वतःही केलाय. डिस्क स्वस्त झालीय हे खरं. पण रूट एकटं कधीच नसतं. प्रत्येक पॅचच्या वेळी त्याची प्रत काढतात, प्रत्येक टेस्ट सिस्टीमला त्याची प्रत जाते, बॅकअप होतात, डिझास्टर रिकव्हरीच्या साइटवर ते पुन्हा एकदा असतं. कचऱ्याचा एक गठ्ठा रूटमध्ये पडला की त्याची पिलावळ सगळ्या घरांत. आणि पैसे बाजूला ठेवले तरी त्या पहाटे ग्रो का झालं नाही, ते बघा. व्हॉल्यूमवर जागा होती, भरपूर होती. पण हे रूट ज्या झेडएफएस डेटासेटमध्ये राहतं, तो बनवताना त्याला ‘एक्स्टेंडेड ॲड्रेसेबिलिटी’ हा गुण दिलेला नव्हता. तो गुण नसेल तर असा डेटासेट ४ जीबीच्या पुढे जात नाही. साधारण ५,८२५ सिलिंडर, बस. कैक वर्षांपूर्वी कोणीतरी तो बनवला, तेव्हा ४ जीबीचं रूट ही चैन वाटली असेल. त्या माणसाला मी दोष देत नाही. दोष चौदा ग्रोंना आहे. चौदा वेळा आम्ही भिंतीच्या दिशेने एकेक पाऊल टाकलं आणि पंधरावं पाऊल ज्याच्या पाळीत आलं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

त्याने कमांड बरोबर दिली होती. तिन्ही वेळा. चालणं शक्यच नव्हतं.

*

त्या पहाटे मी त्याला म्हटलं, “ग्रो सोड. स्लॅशमध्ये जा आणि तिथे काय काय पडलंय ते वाच.”

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, “मॅम, सीईईडंप, सीईईडंप, सीईईडंप… संपंनाच गेलंय.”

प्रोग्राम कोसळला की तो मरण्याआधी स्वतःच्या पोटातलं चित्र एका फाइलमध्ये ओततो, तो हा डंप. तो सहसा पडतो प्रोग्राम ज्या डिरेक्टरीत उभा असेल तिथे. एका देखरेखीच्या एजंटसाठी बनवलेल्या यूजर आयडीची होम डिरेक्टरी स्लॅशखाली, रूटच्याच आत ठेवलेली होती. म्हणजे ज्याच्यावर ‘रूट भरतंय का बघ’ ही जबाबदारी त्याचंच घर रूटमध्ये! तो अधूनमधून कोसळायचा, ऑटोमेशन त्याला लगेच पुन्हा उभं करायचं, कोणाला काही कळायचं नाही. प्रत्येक मरणाची एक फाइल मात्र जिन्यात पडत राहायची.

आठवड्याच्या आतले डंप ठेवले, बाकीचे माझ्या नावावर उडवायला सांगितले. तीनशे एमबी मोकळे झाले. फायली जायला लागल्या. फोन आल्यापासून अकरा मिनिटं. आरसीएमध्ये ही अकरा मिनिटं कुठेही नाहीत.

पुढच्या दिवसांत मी रूटमधली एकेक फाइल काढून तिचा मालक बघायला बसले, तर शेकडो फायलींवर एकच यूजर आयडी. त्यामागे एक इतिहास आहे. पूर्वी झेड-ओएसमध्ये अशी सोय होती, की ज्याला स्वतःची युनिक्स ओळख दिलेली नाही त्याला एक सामायिक, डिफॉल्ट ओळख मिळायची. शंभर माणसं, एक आयडी. सोय म्हणून उत्तम. ‘हे कोणी लिहिलं’ या प्रश्नाचा मात्र कायमचा निकाल. आयबीएमने ती सोय झेड-ओएस २.१ मध्ये, २०१३ साली, बंद केली आणि प्रत्येकाला वेगळी ओळख हवी असा नियम आला. आमच्याकडे त्या काळच्या फायली प्रत्येक प्रतीबरोबर पुढे पुढे येत राहिल्या होत्या. बेवारस. उडवायची हिंमत कोणाला नाही, कारण कोणाच्या आहेत ते माहीत नाही. आणि विचारायचं कोणाला हेही माहीत नाही.

(साफसफाईसाठी झेड-ओएसबरोबर एक नमुना स्क्रिप्ट मिळते, जुन्या फायली शोधून उडवणारी. तिचं नाव स्कल्कर, म्हणजे दबा धरून बसणारा. स्लॅश टेम्पसाठी झकास आहे. ती रूटवरच सोडून देऊ या, असं एका मीटिंगमध्ये एक मॅनेजर म्हणाले होते. ऑपरेटिंग सिस्टीमचे निम्मे प्रोग्राम वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेले, ‘जुने’च असतात, हे त्यांना सांगताना मी चेहरा कसा सरळ ठेवला ते माझं मला माहीत.)

*

तरीही हिशेब जुळत नव्हता. डंप गेले, तरी एक मोठा खड्डा उरला.

युनिक्समध्ये जागा मोजायच्या दोन कमांड आहेत. डीएफ फाइल सिस्टीमलाच विचारते, की तुझ्यातलं किती वापरलं गेलंय. डीयू झाडावर चढून एकेक फाइल मोजत जाते. दोघींची उत्तरं साधारण जुळायला हवीत. आमच्याकडे डीएफ जे सांगत होती त्यात आणि डीयूच्या बेरजेत जवळजवळ ९०० एमबीचा फरक होता. असं एका कारणाने होऊ शकतं: फाइल उडवलीय पण एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडी धरलीय, मग नाव गेलं तरी जागा सुटत नाही. पण मधल्या रविवारी मशीन पुन्हा सुरू झालं होतं, म्हणजे तसं काही उरायला नको.

दुसरं कारण आठवायला मला दोन दिवस लागले.

भिंतीतला कोनाडा माहीत असेल. कोनाड्यात सामान आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर कपाट आणून ठेवलं. सामान कुठे जात नाही. दिसायचं बंद होतं, इतकंच. रूटमधल्या एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी फाइल सिस्टीम माउंट करता तेव्हा हेच होतं. त्या डिरेक्टरीत आधी काही लिहिलेलं असेल तर ते नव्या फाइल सिस्टीमच्या मागे झाकलं जातं. जागा खातच राहतं. डीयू तिथे पोचू शकत नाही, कारण झाडावरून तिथे जायला वाटच नाही.

चालू मशीनवर कपाट हलवणं शक्य नव्हतं. म्हणून रूटचा बॅकअप घेतला, दुसऱ्या नावाने रिस्टोर केला आणि ती प्रत स्लॅश सर्व्हिसच्या खाली माउंट केली. प्रतीवर कोणतंही कपाट नसतं. सगळे कोनाडे उघडे. एका उत्पादनाच्या लॉग डिरेक्टरीत, जी कायम रिकामी असायला हवी होती, ९०० एमबी लॉग सापडला. पूर्ण डीबग पातळीचा, एकाच रात्रीचा. तीन वर्षांपूर्वीची तारीख.

ती तारीख मला ओळखीची वाटली, म्हणून जुने शिफ्ट हँडओव्हर उघडले. त्या रात्री मशीन पुन्हा सुरू केलं होतं. पॅरामीटरच्या मेंबरमध्ये त्या लॉग फाइल सिस्टीमच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं, त्यामुळे ती माउंट झालीच नाही. उत्पादनाला त्याचं काही नव्हतं. डिरेक्टरी दिसतेय, लिहायची परवानगी आहे, ते रात्रभर रूटमध्ये लिहीत बसलं. सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं. नाव दुरुस्त केलं, उत्पादन थांबवलं, माउंट केलं, पुन्हा सुरू केलं. तिकीट बंद.

‘कोणाच्या तरी’ नाही. हँडओव्हरखाली माझी आद्याक्षरं आहेत. कपाट मी ठेवलं होतं.

सामानाने भरलेल्या डिरेक्टरीवर माउंट करायचं की नाही यासाठी झेड-ओएसमध्ये एक सेटिंग आहे. नकार द्या, इशारा द्या किंवा गप्प राहा, असे तीन पर्याय. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर ते गप्प राहतं. आयबीएमला या एका गोष्टीबद्दल मी कधीच माफ करणार नाही. सेटिंग आमच्याकडे आता इशाऱ्यावर आहे. तो एक बदल मला ‘किरकोळ’ म्हणून मंजूर करून घेता आला.

*

आता माझी मागणी. रूट रीड-ओन्ली करा. वाचता येईल, प्रोग्राम चालवता येतील, लिहिता येणार नाही. कोणालाच.

यात माझं काही डोकं नाही. आयबीएम कित्येक वर्षं हेच सुचवत आलीय. पॅच टाकायचे तर रूटची प्रत काढायची, ती बाजूला माउंट करून तिच्यावर पॅच टाकायचे आणि पुढच्या वेळी मशीन सुरू करताना नवी प्रत जागेवर आणायची. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन असाच चालतो: सिस्टीमचा भाग वेगळा आणि रीड-ओन्ली, तुमचे फोटो आणि काकांनी पाठवलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ निराळ्या भागात. फोनवर ‘स्टोरेज फुल’ येतं तेव्हा तुम्ही चिडता. पण ते व्हिडिओ ऑपरेटिंग सिस्टीमच्या घरात शिरलेले नसतात. ॲपलने मॅकमध्ये २०१९ साली कॅटॅलिनापासून सिस्टीमसाठी वेगळा रीड-ओन्ली व्हॉल्यूम आणला. पंधरा हजारांच्या फोनला जे जमतं ते बँकेच्या मेनफ्रेमला जमायला हरकत नसावी.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्री रूट रीड-ओन्ली असतं, तर उत्पादन पहिल्या सेकंदाला बोंबललं असतं आणि चुकलेलं अक्षर पाच मिनिटांत सापडलं असतं. एजंटचा पहिला डंप रूटमध्ये पडलाच नसता. त्याचं घर चुकीच्या जागी आहे, हे बसवल्याच्या दिवशी कळलं असतं.

याला विरोध होतो, आणि काही विरोध खरा आहे. काही जुनी उत्पादनं स्वतःच्या इन्स्टॉल डिरेक्टरीत लिहितात. रूट बंद केलं की ती पडतील. पडतील ना. आमच्याकडे अशी चार निघाली, त्यातलं एक तेच पैशांच्या फायली पाठवणारं. प्रत्येकाला स्वतःची फाइल सिस्टीम द्यायची आणि जुन्या जागी एक सिंबॉलिक लिंक ठेवायची, हे काम आहे, वेळखाऊ आहे, आणि चुकलं तर रात्री फोन येणार. मी तो धोका लपवत नाही. पण हा धोका एकदाचा आहे, दिवस ठरवून, माणसं जागी असताना घ्यायचा. आत्ता जो आहे तो कोणत्या पहाटे कोणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही.

दुसरा विरोध आधुनिक आहे: ऑटोग्रो लावा, माणसाचा संबंधच नको. झेडएफएसमध्ये ती सोय आहे. जागा संपली की फाइल सिस्टीम आपली आपण वाढते. डेटाच्या, लॉगच्या फाइल सिस्टीमला मी स्वतः लावून देते, रात्री झोप मिळते. रूटला लावणं म्हणजे धूर आला की वाजणारी घंटा काढून तिथे मोठी खोली बांधून द्यायची. शिवाय ४ जीबीची भिंत ऑटोग्रोलाही तीच.

तिसरा विरोध कोणी तोंडाने बोलत नाही. ग्रो केलं की दहा मिनिटांचं तिकीट बंद होतं आणि ते मोजलं जातं. कोण लिहितंय हे शोधायला मला साडेतीन आठवडे लागले; त्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. टाइमशीटवर मी ते ‘इतर’मध्ये भरलं, तर मॅनेजरने विचारलं, “इतर म्हणजे काय?” ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वर कोणीतरी हेच विचारतं. क्लायंट तिकिटांचे पैसे देतो, न आलेल्या तिकिटांचे देत नाही. रूट स्वच्छ ठेवणाऱ्या टीमकडे दाखवायला काही नसतं, आणि दाखवायला काही नसलेल्या टीममधली दोन माणसं पुढच्या तिमाहीत कमी होतात. हे गणित मला समजतं. ते गणित तेवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर चढवलं गेलं, हे मला मान्य नाही.

*

त्या वर्षी त्याला सर्वांत खालचं रेटिंग मिळालं. कारण विचारलं, तर आरसीएची लिंक पाठवली गेली. आरसीएच्या कॉलवर मी होते. ‘एस्कलेशन उशिरा झालं का?’ असा प्रश्न आला आणि मी ‘हो’ म्हणाले, कारण ते खरं होतं. रनबुकमध्ये कधी एस्कलेट करायचं हे लिहिलेलंच नाही, असं पुढचं वाक्य मला सुचलं होतं. कॉलवर क्लायंटचे सहा लोक होते. मी म्यूटवर गेले.

पाच महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. आता तो बाणेरला एका कंपनीत क्लाउडचं काम करतो, बरा चाललाय. निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये मी त्याला सगळं सांगितलं: ४ जीबी, चौदा ग्रो, कोनाडा, माझी आद्याक्षरं. तो वडापाव खात होता. म्हणाला, “मॅम, म्हणजे मी चौथ्यांदा दिली असती तरी झालं नसतं?” म्हटलं, “नाही रे.” तो एवढंच म्हणाला, की मला वाटायचं मी आकडा चुकीचा टाकतोय.

रनबुकमधली माझी ओळ मी काढलीय. तिथे आता अर्धं पान आहे: आधी डीएफ आणि डीयू, मग स्लॅशमध्ये नवं काय आहे आणि त्याचा मालक कोण, पंधरा मिनिटांत कळलं नाही तर या नंबरवर फोन. नंबर माझा आहे.

रूट रीड-ओन्ली करण्याची चेंज रिक्वेस्ट दोनदा परत आली, दोन्ही वेळा ‘व्यावसायिक फायदा स्पष्ट नाही’ या शेऱ्यासह. आरसीए दुरुस्त करायचा अर्जही मी केला होता. त्याचं उत्तर गेल्या महिन्यात आलं: बंद झालेली नोंद पोर्टलवर फक्त वाचता येते, तिच्यात कोणालाही काही लिहिता येत नाही.

तिसरी चेंज रिक्वेस्ट गुरुवारच्या मीटिंगला आहे. आज सकाळी रूट ८३ टक्के होतं, काल ८२ होतं.